शंभरातले बारा

सूनबाईचं ऑफिस परगावी हलणार ही बातमी घरात सगळ्यांत शेवटी मापबाईंना कळली, आणि शेवटी कळली याचाच त्यांना जास्त राग आला. मुलाने सांगितलं तेही कपबशा विसळता विसळता, नळ मोठा सोडून, म्हणजे अर्धं पाण्यात वाहून जावं. सून गटारांचे नकाशे काढायची. शहराच्या पोटातून कुठला पाइप कुठे जातो आणि कुठे तुंबतो, ते ती दिवसभर पडद्यावर रेघा ओढून दाखवायची. मापबाई मात्र चारचौघांत "आमची सून शहराच्या पोटाचं बघते" असं सांगत. तिसऱ्या मजल्यावरच्या एकीने तिला डॉक्टर समजून दोनदा पित्ताचं औषध विचारलं होतं.

तर ऑफिस हलणार होतं. ज्यांच्या घरी दणकट इंटरनेट असेल त्यांनी घरून काम केलेलं चालणार होतं. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी महिनाअखेरीला बिऱ्हाड उचलायचं. सून गेली की मुलगाही जाणार, आणि तीन खोल्यांत उरणार एक शिलाई मशीन आणि एक मापबाई.

"जायचं तर जा," मापबाई म्हणाल्या. "मला काय, माझ्या हाताला काम आहे."

आणि त्याच दुपारी छत्री काखेत मारून त्या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसल्या. आख्ख्या इमारतीला वळण लावणारी त्यांची जीभ 'थांबा' या एका शब्दाला मात्र अडायची. त्यापेक्षा लाईन ओढून आणणं सोपं.

मापबाई हे नाव त्यांना इमारतीने पाठीमागून दिलेलं. तोंडावर सगळे मावशी म्हणत. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि तेच जास्त आवडायचं. पस्तीस वर्षं कपडे शिवले, कापडवाल्याने चार बोटं कमी दिली तर घडी न उलगडता सांगायच्या. शाळा चौथीपर्यंत, तीही अधूनमधून. पण हाताखाली शिकून गेलेल्या पोरींना विचारा, एक वाक्य सगळ्यांना पाठ असेल: आधी टेपची बाजू बघा, मग आकडा बघा. टेपच्या एका बाजूला इंच असतात, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. या बाजूचे तीस आणि त्या बाजूचे तीस यांत एका माणसाच्या पोटाचा फरक असतो.

कंपनीच्या बाईने तीन प्रकारच्या लाईनी दाखवल्या. मापबाईंनी सगळ्यांत मोठा आकडा विचारला. शंभर. मग शंभरचीच द्या, म्हणाल्या. शंभर काय, हे त्यांनी विचारलं नाही. शंभर म्हणजे शंभर.

दोन दिवसांनी लाईनवाला आला. चष्मा कपाळावर चढवून वावरणारा, पन्नाशीचा, सावकाश माणूस. त्याने भिंतीला भोक पाडलं, वायर आत घेतली, दिव्यांची डबी टेबलावर ठेवली. सुनेने परीक्षा म्हणून ऑफिसातला एक मोठा नकाशा उतरवायला घेतला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा नाचू लागला. मापबाईंनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, पुन्हा पुसला.

बारा.

"शंभर सांगितले ना रे?" त्यांनी लाईनवाल्याला विचारलं.

"शंभरच आहेत, मावशी. ते कसं असतं, पडद्यावर जे माप दिसतं ते..."

"मला माप शिकवू नकोस. शंभर सांगून बारा देतोस. अठ्ठ्याऐंशी कुठे ठेवलेस?"

सूनही म्हणाली, आई, ते माप वेगळं आहे, मी सांगते. पण मापबाईंच्या मते शिकलेल्या माणसांना फसवलं की ती आधी फसवणाऱ्याची बाजू समजावून सांगतात. त्यांनी सुनेला गप्प केलं, लाईनवाल्याला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. दाराबाहेर तो बिचारा थोडा वेळ काहीतरी बोलत होता. मग जिना उतरल्याचा आवाज आला.

संध्याकाळपर्यंत बातमी तळमजल्यावर पोचली. तिथे निवृत्त हेडमास्तर राहायचे. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण वर्ग सुटलाय हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. ते वर आले, वायर बघितली आणि दोषाचं निदान केलं. वायरला कोपरे फार. धावणारा माणूस वळणावर मंदावतो तसंच हे. मापबाईंना पटलं. वायर सरळ ताणायची म्हणून ती खिडकीतून थेट टेबलापर्यंत, खोलीच्या मधोमध, छातीच्या उंचीवर बांधली. पहिल्याच दिवशी मुलगा चहाचा कप घेऊन तिच्यात अडकला. आकडा बाराच राहिला, फक्त आता त्याच्या शर्टावर चहा होता.

दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, कोपऱ्याचं काही नाही, तुमचं लोखंडी कपाट लाटा पितं. घरात कपाट म्हणजे लाटांची विहीर. चौघांनी मिळून कपाट बाहेर काढलं, ते जिन्याच्या वळणावर असं पक्कं बसलं की पुढेही जाईना, मागेही येईना. त्या दिवसापासून वरचे दोन मजले आडवे होऊन ये-जा करू लागले. विमावाल्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला अपघात विम्याचे कागद द्यायला सुरुवात केली, हा निव्वळ योगायोग समजायचा.

सून रोज एकदा सांगायचा प्रयत्न करायची आणि रोज एकदा गप्प व्हायची. मुलगा दोघींनाही "तू म्हणशील तसं" म्हणायचा. लग्नानंतर त्याने हे एकच वाक्य वापरात ठेवलं होतं आणि ते अजून फाटलं नव्हतं.

मग मापबाई कंपनीच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेल्या. तक्रारीची खिडकी पाचवी. पाचव्या खिडकीवर सर्दी झालेली एक बाई होती. ती म्हणाली, लाईन हळू असल्याची तक्रार घ्यायची तर आधी लाईन चालू असल्याची चिठ्ठी हवी. ती तिसऱ्या खिडकीवर मिळेल. तिसऱ्या खिडकीने सांगितलं, तक्रारीचा नंबर असल्याशिवाय चिठ्ठी देत नाही. मापबाई पाच आणि तीनच्या मध्ये चार फेऱ्या घालून शेवटी चौथ्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या. ती बंद होती. तिथून त्यांनी एका आवाजात तिसरी आणि पाचवी, दोन्ही खिडक्यांना एकदमच काय ते सुनावलं. तक्रार घेतली गेली.

सर्दीवालीने फक्त एक विचारलं, वेग कशात मोजला?

"घरात," मापबाई म्हणाल्या.

त्या घरी पोचायच्या आत मोबाइलवर निरोप आला होता की तुमची तक्रार समाधानकारकरीत्या मिटली आहे. कुणाचं समाधान झालं ते लिहिलं नव्हतं.

आता गोष्ट एकट्या मापबाईंची राहिली नाही. इमारतीतल्या प्रत्येकाने आपापल्या घरचा आकडा बघितला. ज्याने चाळीस घेतले त्याला पाच मिळत होते. ज्याने ऐंशी घेतले त्याला दहा. हेडमास्तरांनी सगळे आकडे वहीत उतरवले, भागाकार केले आणि गंभीर होऊन सांगितलं की फसवणूक अत्यंत शिस्तीत चालली आहे. प्रत्येकाला बरोबर आठवा हिस्सा मिळतो. उरलेले सात हिस्से जातात कुठे, हा खरा प्रश्न. त्यांनी खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघितलं. तिथे संध्याकाळपासून प्रत्येक घरात काही ना काही चालू असायचं. पुरावा म्हणून तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही इमारतींमधलं बोलणं बंद झालं. समोरच्यांना कारण कळलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःचं एक शोधून काढलं. हेडमास्तरांनी अर्ज लिहिला, त्यावर अठरा सह्या झाल्या. पहिली मापबाईंची.

या धामधुमीत सुनेच्या ऑफिसातून कागद आला. घरच्या लाईनचा वेग लिहून पाठवा, कमीत कमी दहा हवा. पुढे रकाना, आणि रकान्यात बारीक अक्षरांत मापाचं नाव. सुनेने खाली सही केली, रकान्यात पेन्सिलीने बारा लिहिले, संध्याकाळी एकदा मोजून मग शाईने लिहिते म्हणाली, आणि कामावर गेली.

दुपारी मापबाईंनी टेबल पुसताना कागद बघितला. बारा. म्हणजे पोरीने हार मानली. चोराने दिले तेवढेच निमूट पदरात घेतले, वर सही करून दिली. आणि उद्या ऑफिसवाले म्हणणार, बारा म्हणजे काठावर पास, कशाला ठेवा घरी, बोलावून घ्या तिकडे. मापबाईंनी खोडरबर घेतला, बारा पुसले आणि शाईने ठसठशीत शंभर लिहिले. त्यांचा एक सुईसारखा सरळ आणि दोन्ही शून्यं गुंड्यांसारखी गोल यायची. कागद पाकिटात घालून, जीभ फिरवून बंद करून, स्वतः टपालात टाकून आल्या. सुनेला म्हणाल्या, तुझा वेळ वाचवला. सुनेला वाटलं, बाराच गेले. ती थँक्यू आई म्हणाली, आणि मापबाईंना त्या दिवशी फार हलकं वाटलं.

अर्जाचा परिणाम झाला. लाईनवाला पुन्हा आला, या वेळी कंपनीने त्याला प्रकरण मिटवल्याशिवाय परत येऊ नकोस असं बजावलं होतं. जिन्यातल्या कपाटापाशी त्याची पिशवी अडकली, तिथेच तो निम्मा खचला. घरात अठरापैकी तेरा जण आधीच बसलेले. त्याने कुणाशी वाद घातला नाही. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, सुनेच्या कॉम्प्युटरवर इथे-तिथे दाबलं आणि बाजूला झाला.

पडद्यावर अठ्ठ्याण्णव आले.

टाळ्या झाल्या. हेडमास्तर म्हणाले, सामूहिक शक्ती याला म्हणतात. विमावाल्यांनी लाईनवाल्याशी हात मिळवला आणि एक कागद दिला. आमच्याकडे कधी येणार असं विचारून मंडळी उतरली, आडवी होऊन.

मापबाई मात्र पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. त्यांनी लाईनवाल्याला तोच जुना नकाशा पुन्हा उतरवायला लावला. त्याने उतरवला. नकाशा आला.

"त्या दिवशी बाराच्या वेगाने हा चार मिनिटांत आला," त्या म्हणाल्या. "आज अठ्ठ्याण्णवने आला, तरी चारच मिनिटं. मग वाढलं काय?"

"आकडा वाढला ना, मावशी."

नुसत्या आकड्याने मापबाईंना कधी कुणी शांत केलं नव्हतं. ग्राहकाचं पोट तेवढंच असतं, त्याला आवडेल तो आकडा सांगायची सोय टेपच्या मागच्या बाजूला असते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत.

"टेप उलटी केलीस तू," त्या म्हणाल्या.

लाईनवाल्याने पक्कड खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचं म्हणणं एका वाक्यात सांगितलं होतं. त्याने बसून सगळं उलगडलं. लाईन विकतात ती बारक्या मापात, त्याला बिट म्हणतात. पडद्यावर नकाशा येतो तो मोठ्या मापात मोजतात, त्याला बाइट म्हणतात. आठ बारकी मिळून एक मोठं. शंभर बारकी, भागिले आठ, साडेबारा मोठी. पहिल्या दिवसापासून साडेबाराच्या आसपास येत होते आणि तेवढेच यायचे होते. कंपनीने चोरलं नव्हतं, समोरच्या इमारतीने तर नव्हतंच. त्याने आज फक्त पडद्याला बारक्या मापात बोलायला लावलं होतं.

"मग पहिल्या दिवशी का नाही बोललास?"

"बोलत होतो. तुम्ही दार लावलंत."

मापबाईंनी बोटांवर हिशेब केला. आठ बारे शहाण्णव. हिशेब बरोबर होता. चूक होती ती त्यांची, आणि ती कुणाला सांगायची याचा विचार त्या करू लागल्या, तेवढ्यात त्यांना तो रकाना आठवला. त्यात आकड्यापुढे बारीक अक्षरांत मापाचं नाव होतं, आणि त्यांनी ते वाचलं नव्हतं. फक्त आकडा बघितला होता. सुनेने बारा लिहिले म्हणजे रकाना मोठ्या मापाचा, आणि त्यात त्यांनी बारक्या मापाचे शंभर लिहिले होते. त्या जागच्या जागी खाली बसल्या. लाईनवाल्याला वाटलं चक्कर आली, म्हणून तो पाणी घेऊन आला.

सुनेच्या ऑफिसचं पत्र तीन दिवसांनी आलं. आपल्या घरच्या लाईनचा वेग आमच्या मुख्य कार्यालयाच्या लाईनच्या दुपटीहून अधिक असल्याचे दिसते. याबद्दल अभिनंदन करावे की चौकशी, हे ठरवण्यासाठी गुरुवारी सकाळी अकरा वाजता तपासनीस येतील. सहीनिशी दिलेली माहिती खोटी आढळल्यास घरून काम करण्याची परवानगी मिळणार नाही, नोकरीबाबतही निर्णय घेण्यात येईल.

पत्रासोबत त्या कागदाची प्रत होती. सुनेने ती बघितली. सुईसारखा एक, गुंड्यांसारखी दोन शून्यं. तिने टेबलावरचं पेनांचं भांडं उचललं आणि फडताळाच्या सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेवलं.

बुधवारभर मापबाईंनी तीन वेळा तोंड उघडलं. एकदा चहात साखर कमी आहे म्हणाल्या. एकदा पंखा आवाज करतो म्हणाल्या. तिसऱ्यांदा नुसतंच उघडलं आणि मिटलं. सून बरं आई म्हणाली. बोलली असती, भांडली असती, तर मापबाईंना सोपं गेलं असतं. भांडणात त्यांचा हातखंडा होता. पण सुनेने कपाटातून, म्हणजे जिन्यात जाऊन कपाटातून, रिकामी बॅग काढून आणली आणि पलंगाखाली ठेवली. उघडली नाही. नुसती ठेवली.

गुरुवारी अकराला तपासनीस आले. बारीक अंगाचे, इस्त्री केलेले, काखेत मोजायचं यंत्र. ते जिन्यात आडवे होत असतानाच हेडमास्तरांनी त्यांना गाठलं. हेडमास्तरांना वाटलं हा इंटरनेट कंपनीचा मोठा साहेब. त्यांनी अठरा सह्यांचा अर्ज पुढे केला आणि छाती काढून सांगितलं की या इमारतीतली लाईन अगदी टाकाऊ आहे, एक घर सोडलं तर कुणालाही आठव्या हिश्श्याच्या वर मिळत नाही, आणि आम्ही सगळे लेखी साक्ष द्यायला तयार आहोत. विमावाल्यांनी दुजोरा दिला. तपासनीसांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मापबाई जिन्यात आल्या, तपासनीसांना मनगटाला धरून आत घेतलं आणि अठरा सह्यांच्या तोंडावर दार लावलं.

आत तपासनीस खुर्चीवर बसले. कागद काढला. सुनेकडे बघून विचारलं, हा आकडा आपण लिहिलात? सही आपलीच ना? सुनेने एकदा सासूकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाली, "सही माझीच आहे." तिने दोन शब्दांत सासूला पकडून दिलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती.

"सही तिची," मापबाई म्हणाल्या. "आकडा माझा."

तपासनीसांनी पेन थांबवलं.

"तिने बरोबर लिहिला होता. मी पुसला. तिला न विचारता पुसला, न सांगता टपालात टाकला. पस्तीस वर्षं मी पोरींना ओरडत आले, टेपची बाजू बघा. आणि मीच बघितली नाही. चुकलं माझं." हे शेवटचे दोन शब्द त्या घरात याआधी कधी जोडीने वापरले गेले नव्हते, त्यामुळे नीट बसले नाहीत. "काय शिक्षा करायची ती मला करा. पण तिला इथून हलवू नका."

तपासनीसांनी यंत्र जोडलं. वेळ लावून बघितलं. मोठ्या मापात बारा पूर्णांक तीन. त्यांनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा दहाच्या वर. मग कागदावरचे शंभर एका रेघेने कापले, वर बारा लिहिले आणि म्हणाले, दुरुस्तीपुढे ज्याने मूळ चूक केली त्याने सही करायची. मापबाईंनी सही केली. तपासनीसांनी विचारलं, कर्मचाऱ्याशी नातं काय? सासू, मापबाई म्हणाल्या. फॉर्ममध्ये सासूचा रकाना नव्हता, म्हणून तपासनीसांनी 'बाह्य अडथळा' यापुढे खूण केली. परवानगी मंजूर झाली.

दार उघडलं तेव्हा बाहेर सगळे तसेच उभे होते. तपासनीस आडवे होऊन निघून गेले. हेडमास्तरांनी विचारलं, मावशी, काय ठरलं?

मापबाईंनी एक श्वास घेतला. आत जे झालं ते आत झालं होतं.

"एकास आठ," त्या म्हणाल्या. "एका मोठ्या मापाला आठ बारकी. त्याहून एक कमी चालणार नाही. लेखी झालंय, माझी सही आहे त्यावर. घरी जाऊन आपापला आकडा आठाने गुणून बघा."

हेडमास्तरांनी जागच्या जागी वही काढली. पाच आठे चाळीस. दहा आठे ऐंशी. त्यांचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे सगळ्यांना पूर्ण मिळतंय?"

"आता मिळतंय," मापबाई म्हणाल्या.

विमावाले हुशार. त्यांनी सुनेकडे बघितलं. शिकलेली तीच, शंका फेडायची तर तिनेच. सगळेच तिच्याकडे बघू लागले. मापबाई जिन्याच्या कठड्याकडे बघू लागल्या.

"आईंनी ठणकावलं म्हणून," सून शांतपणे म्हणाली. "नाहीतर साताच्या वर कुणी देत नव्हतं."

इमारतीने सुटकेचा श्वास सोडला. दार लागलं. आतल्या खोलीत जाऊन सुनेने पलंगाखालची बॅग ओढली आणि परत कपाटात ठेवायला निघाली. मापबाईंनी तिला अडवलं नाही, शाबासही म्हणाल्या नाहीत. त्या शिलाई मशीनपाशी गेल्या, चाकाला हात लावला आणि पस्तीस वर्षं खिडकीतल्या उजेडात बसलेलं ते मशीन कुथत कुथत भिंतीकडे सरकवायला लागल्या.

"आई, हे काय?"

"तुझं टेबल इथे येईल. दिवसभर पडद्याकडे बघायचं तर उजेड हवा."

"आणि तुमच्या सुईला?"

"सुई मी चाचपून ओवते," मापबाई म्हणाल्या. "तू गटारं नीट बघ. तुंबली तर लोक मला विचारतील."